घोड्यावरचा माणूस

हवाईला जायचं ठरलं तेव्हा नानांची एकच अट होती. मला समुद्राकाठी बसवून ठेवू नका. "दिवसभर पाण्यात बसायला मी काय म्हैस आहे का?"

नाना म्हणजे माझे वडील. वय ७८. नगर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी विभागात त्यांनी ३५ वर्षं नोकरी केली. आई गेल्यावर त्यांना आग्रह करकरून आम्ही सहा महिन्यांसाठी सॅन होजेला आणलं. पहिला महिना जेट लॅग आणि नातवाचं कौतुक यात गेला. दुसऱ्या महिन्यापासून ते खिडकीशी बसून समोरच्यांच्या हिरवळीवर वाया जाणारं पाणी मोजायला लागले. त्यांना कुठेतरी न्यायला हवं होतं. नवऱ्याने कवाई बेटावरच्या पोईपू बीचजवळ चार दिवसांचं बुकिंग केलं, आणि नानांची अट ऐकून माझ्या १६ वर्षांच्या मुलाने फोनवर शोधाशोध करून जाहीर केलं, "आजोबा, तुमच्यासाठी एक जागा सापडली. उसाचं स्मारक आहे."

"उसाचं?" नानांनी चष्मा काढला. "उसाचं स्मारक कशाला? ऊस मेला का काय?"

तसा तो तिथे मेलाच आहे. पण ते नंतर.

लिहुए विमानतळावरून दक्षिणेला पोईपूकडे जाताना मालुहिया रस्ता लागतो. दोन्ही बाजूंनी निलगिरीची झाडं वर एकमेकांत मिसळून रस्त्यावर हिरवं छप्पर धरतात. १९११ साली लावलेली ही झाडं. सगळे प्रवासी इथे फोटोसाठी थांबतात, तसे आम्हीही थांबलो. नाना गाडीतून उतरले नाहीत. "निलगिरी जमिनीतलं पाणी ओढते," एवढंच म्हणाले. मात्र झाडांचा बोगदा संपून मोकळं रान लागलं तसे ते सावरून बसले. काच खाली करायला लावली. रस्त्याकडेला पुरुषभर उंचीचं गवत माजलं होतं. मला तो ऊसच वाटला. नाना म्हणाले, "ऊस नाही, गिन्नी गवत आहे. पण रान उसाचं आहे. सरी काढलेली जमीन असतीय, ती कळती." माती खरंच लाल, लोखंडासारखी होती.

कोलोआ हे गाव म्हणजे लाकडी दुकानांची एक रांग, वर भल्यामोठ्या माथ्याचे वर्षावृक्ष, आणि रस्त्यात फिरणाऱ्या कोंबड्या. कवाईभर कोंबड्या मोकाट फिरतात. पार्किंगमध्ये, बँकेच्या दारात, सगळीकडे. बर्फाच्या गोळ्याच्या दुकानासमोर रांग होती, इथे त्याला शेव्ह आइस म्हणतात. पर्यटक गोळे खात, टोप्या विकत घेत फिरत होते, आणि दुकानांच्या समोर, रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेकडे फारसं कोणी जात नव्हतं. स्मारक तिथे आहे.

आधी दिसतं ते दगडी धुराडं. चौकोनी, काळसर, झाडोऱ्याने वेढलेलं. आपल्या कारखान्यांच्या चिमण्या पाच मैलांवरून दिसतात, हे पन्नास पावलांवरूनही नीट दिसत नाही. पण हे १८४१ सालच्या साखर गिरणीचं उरलेलं धुराडं आहे, आणि हवाईतल्या साखर धंद्याची सुरुवात याच गावात झाली. १८३५ साली लॅड आणि कंपनी नावाच्या अमेरिकन पेढीने तिसऱ्या कामेहामेहा राजाकडून इथली ९८० एकर जमीन खंडाने घेतली. विल्यम हूपर नावाचा बॉस्टनचा एक २६ वर्षांचा तरुण, शेतीचा काडीचा अनुभव नसलेला, २५ हवाईयन मजूर घेऊन इथे आला आणि १२ एकर रान तयार करायला लागला. दोन वर्षांनी दोनेक टन साखर हाती आली. मजुरी दिवसाला साडेबारा सेंट, आणि तीही पैशांत नव्हे तर कागदी कुपनांत. ती कुपनं चालायची फक्त मळ्याच्या दुकानात. मी हे नानांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. आश्चर्य वगैरे काही वाटलं नाही त्यांना.

ऊस मात्र हूपरने आणला नव्हता. न्यू गिनीकडून पूर्वेला सरकत सरकत आलेल्या पॉलिनेशियन दर्यावर्दींनी आपल्या नावांतून तो शेकडो वर्षं आधीच इथे आणला होता. हवाईयन भाषेत उसाला 'को' म्हणतात. हे कळल्यावर नाना इतके खूष झाले की विचारू नका. कारण त्यांच्या उभ्या आयुष्यात ऊस म्हणजे को. को ४१९, को ७४०, आणि अलीकडच्या काळात को ८६०३२. त्यांचा 'को' हा कोइमतूरचा. तिथल्या ऊस पैदास केंद्राने काढलेल्या जातींना हा शिक्का लागतो. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, नुसता योगायोग आहे, हे मुलाने त्यांना दोनदा समजावलं. "असू दे," नाना म्हणाले. "को तो को."

धुराड्याजवळच स्मारक आहे. १९८५ साली, पहिल्या लागवडीला १५० वर्षं झाली तेव्हा उभारलेलं. शिल्पकार जॅन फिशर. जुन्या गिरणीच्या दगडी चाकाची आठवण व्हावी असं काँक्रीटचं मोठं गोल कडं, एका बाजूने फुटल्यासारखं उघडं, आणि त्याच्या पोटात ब्राँझची माणसं. भोवती उसाच्या वेगवेगळ्या जातींचं बेट लावलं आहे. नाना पुतळ्यांआधी त्या उसाकडेच गेले. एक जांभळी जात, एक पट्ट्यापट्ट्यांची. कांड्या मोजल्या, पानाचा पाठीमागचा भाग बोटाने चोळून पाहिला, डोळा दाबून पाहिला. "पाणी कमी पडलंय," असा निकाल दिला. मग हळूच मला म्हणाले, "एक टिपरी नेता येईल का गं? एकच डोळा." हवाईतून मुख्य भूमीवर परतताना विमानतळावर प्रत्येक बॅग शेतीखात्याची माणसं तपासतात, हे नवऱ्याने त्यांना सांगितलं. सांगताना त्याची नजर नानांच्या खिशावर होती.

आता पुतळे. हे कुठल्या एका माणसाचे नाहीत. जाती-जमातींचे आहेत, आणि तेच या स्मारकाचं वेगळेपण. रोगराईने मूळ हवाईयन लोकांची संख्या झपाट्याने घटत गेली आणि मळे तर वाढत होते. तेव्हा मळेवाल्यांनी जगभरातून माणसं आणली. १८५२ साली चिनी आले. १८६८ मध्ये जपान्यांची एक लहान तुकडी आणि १८८५ पासून त्यांचे लोंढे. १८७८ मध्ये पोर्तुगीज. १९०० मध्ये पोर्तो रिकोचे, १९०३ मध्ये कोरियन, १९०६ पासून फिलिपिनो. इथे हे सगळे एकत्र आहेत. मूळ हवाईयन पुरुष लंगोट नेसलेला, पायाशी त्याचं कुत्रं. आपण भारतीय यात नाही. आपल्याकडची माणसं उसामागे गेली ती दुसऱ्या बेटांवर, मॉरिशस, फिजी, त्रिनिदादला. मॉरिशसला करारावरच्या ३६ मजुरांना घेऊन 'अ‍ॅटलास' जहाज लागलं ते १८३४ च्या नोव्हेंबरात, म्हणजे कोलोआच्या जेमतेम वर्षभर आधी. कोकणातून तिकडे गेलेल्यांची पणतवंडं आजही स्वतःला मराठी म्हणवतात. आपण इथे इंजिनिअर म्हणून आलो आणि ते मोळी उचलायला गेले, आणि मंडळं मात्र दोघांनीही काढली.

या सगळ्या जमातींना मळ्यावर एकत्र कधी येऊ दिलं नाही. वस्त्या वेगळ्या, मजुरीचे दर वेगळे, म्हणजे संप झाला तरी एकाच जमातीचा होईल. १९०९ साली जपान्यांनी केला, १९२४ साली फिलिपिनोंनी. त्या १९२४ च्या संपात इथून पश्चिमेला असलेल्या हानापेपे गावी गोळीबार होऊन १६ संपकरी आणि ४ पोलीस मेले. सगळ्या जमाती मिळून खरा यशस्वी संप व्हायला १९४६ उजाडलं. तो ७९ दिवस चालला. प्रत्येक मजुराला नंबर कोरलेला धातूचा बिल्ला असायचा, त्याला 'बांगो' म्हणत. पगार बिल्ल्यावर, उधारी बिल्ल्यावर, हजेरी बिल्ल्यावर. जपानी बायका पाचट काढताना गाणी म्हणायच्या. पाचट काढण्याला हवाईयन शब्द 'होले होले', म्हणून ती गाणी 'होले होले बुशी'. दिवसाचं काम संपलं की 'पाऊ हाना'. आमच्या हॉटेलात संध्याकाळी चार ते सहा दारू स्वस्त मिळायची, त्या वेळेला पाटीवर हेच शब्द होते.

मुलगा फलक वाचत होता. वाचता वाचता थांबला आणि परत पुतळे मोजायला लागला. "आई, एक कमी आहे."

झालं होतं असं, की मूळ आराखड्यात आठवा पुतळा होता. घोड्यावर बसलेला गोरा मळेवाला. मळ्यावर देखरेख करणाऱ्याला इथे 'लूना' म्हणत, तो घोड्यावरून फडाफडात फिरायचा. पण स्मारक व्हायच्या ऐन वेळी बेटावरच्या लोकांनी हरकत घेतली. मजुरांच्या स्मारकात हा घोड्यावर बसून आमच्याकडे वरून बघणार, हे चालणार नाही. शेवटी तो गाळला. फलकावरच्या मजकुरात मात्र त्याचा उल्लेख राहून गेला आहे. म्हणजे वाचायला तो आहे आणि बघायला नाही.

"बरोबर केलं," मुलगा म्हणाला. माझंही तेच मत होतं. आपल्याकडे उलटं आहे, मी म्हटलं. नगर, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कुठल्याही कारखान्याच्या गेटात जा. संस्थापकांचा पुतळा असतो, हार घातलेला, आणि तो असावाही. प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जे उभं केलं त्यावर माझ्यासारख्या कित्येकांची शिक्षणं झाली. पण ऊस तोडणाऱ्याचा पुतळा कारखान्याच्या आवारात मी तरी पाहिलेला नाही.

नाना फलकासमोर उभे होते. त्यांना इंग्रजी सावकाश वाचता येतं. वाचून झाल्यावर म्हणाले, "ठेवायला पायजे होता त्याला."

"कोणाला? त्या घोडेवाल्याला?"

"हां. आता पोरांना वाटंल, माणसं आपली आपणच आली आन् आपणच ऊस तोडला."

मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "माझी राजदूत आठवती का तुला?"

इथे थोडं सांगायला हवं. नाना कारखान्यात चिटबॉय होते. हुद्दा ऐकायला पोरासोरासारखा आहे, पण गावात चिटबॉयचा रुबाब काय असतो ते उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला विचारा. कोणाच्या रानात टोळी आधी जाणार, कोणाचा ऊस वाळत पडणार, हे त्याच्या चिठ्ठीवर. बीड, पाथर्डीकडून दसरा-दिवाळीच्या सुमाराला बैलगाड्या भरभरून ऊसतोडीची माणसं यायची. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. एकटा असेल तर 'अर्धा कोयता'. उन्हाळ्यात मुकादमाकडून उचल घेतलेली, ती सहा महिने तोडून फेडायची. एक दिवस कामावर आलं नाही की खाडा. कारखान्यामागच्या माळावर पाचटाच्या कोप्या उभ्या राहायच्या. पहाटे चारला आमच्या घरावरून गाड्या जायच्या, त्यांच्या घुंगरांनी मला जाग यायची. आमच्या लहानपणी दिवाळी म्हणजे किल्ला, फराळ, आणि माळावर पेटलेल्या चुली. त्या माणसांची दिवाळी कुठे व्हायची हा प्रश्न मला पडल्याचं आठवत नाही.

नानांची राजदूत मोटरसायकल १९८३ सालची. त्याआधी सायकल होती. राजदूतचा आवाज लांबून आला की फडातली बोलणी बंद व्हायची, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

आणि १९८५ च्या हंगामात, म्हणजे इथे हे स्मारक झालं त्याच वर्षी, एका कोपीत माझ्याच वयाची एक मुलगी होती. आठ-नऊ वर्षांची. तिची आई आमच्याकडे म्हशीसाठी वाढे आणून टाकायची, बरोबर ही, आणि हिच्या कडेवर तान्हा भाऊ. आम्ही गजगे खेळायचो. मी तिला माझा जुना फ्रॉक दिला होता. एक दिवस मी तिला म्हटलं, शाळेत येतेस का? ती आली. भावाला कोपीत झोपवून आली. बाईंनी काही विचारलं नाही, माझ्या शेजारी बसू दिलं. पाटीवर तिने काय काढलं ते मला अजून दिसतं. बैल काढला होता, चांगला काढला होता. मधली सुट्टी व्हायच्या आत राजदूतचा आवाज आला. मुकादमाने तक्रार केली होती, पोर रडतंय आणि बाई कोयता टाकून सारखी कोपीकडे पळतेय. नाना वर्गाच्या दारात आले. बाई उभ्या राहिल्या. नानांनी तिला हाक मारली नाही, नुसता हात केला. ती उठली. टाकीवर पुढे बसवून घेऊन गेले.

मी हे सगळं ४० वर्षांत कधी त्यांच्यासमोर काढलं नव्हतं. त्यांच्या लक्षात असेल असंही वाटलं नव्हतं. कोलोआच्या त्या वर्षावृक्षाखालच्या बाकावर बसून त्यांनीच काढलं.

"ती पोरगी लई खूष झाली होती," नाना म्हणाले. "फटफटीवर पहिल्यांदाच बसली. वाटंत हसत होती."

मी विचारलं, "नाव काय हो तिचं?"

नाना आठवायला लागले. मीही. मला वाटत होतं मला माहीत आहे, जिभेवर आहे, आत्ता येईल. नाही आलं. ज्या मुलीचा बैल मला दिसतो तिचं नाव मला येत नाही.

"तिच्या बापाचं?"

"गाडी नंबर ३७," नाना ताबडतोब म्हणाले. "पांढरी बैलं. वजनाला चांगला माणूस होता, कधी कमी नाही आणलं." मग त्यांनी आणखी नंबर सांगितले. कुठल्या हंगामात कुठल्या नंबरची गाडी ओढ्यात उलटली, कुठल्या नंबरची बाई फडात बाळंत झाली आणि चौथ्या दिवशी परत कोयता घेऊन उभी राहिली. ३५ हंगामांचे नंबर त्यांना पाठ होते. मुलगा ऐकत होता. त्याचं मराठी कामापुरतं आहे, पण तो एकदम म्हणाला, "बांगो." नानांनी त्याच्याकडे पाहिलं. ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "आमच्यात बिल्ला नव्हता. गाडीवर रंगाने लिहायचो."

मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटत होती. त्यांनी कधी कोणावर हात टाकला नाही. त्या फडात बाळंत झालेल्या बाईला आईने डिंकाचे लाडू पाठवले होते आणि नानांनीच ते नेऊन दिले होते. त्यांचा स्वतःचा पगार तरी काय होता. आणि त्या पगारातून मी पुण्याला शिकले, तिथून इथे आले, म्हणजे त्या राजदूतवर मागे कोण बसलं होतं हे मला वेगळं सांगायला नको. हे सगळं मी मनातल्या मनात म्हटलं. त्यांना काही म्हटलं नाही, कारण त्यांनी बाजू मागितलीच नव्हती.

निघताना नवऱ्याने सगळ्यांचा फोटो काढायचं ठरवलं. "नाना, या पुतळ्यांच्या पुढे उभे राहा." नाना आले, पण पुतळ्यांपुढे नाही. बाहेर उसाच्या बेटाशी उभे राहिले, एक पान हातात धरून. फोटोत मागे धुराड्याचा एक कोपरा आला आहे.

नंतरच्या तीन दिवसांत आम्ही करायचं ते सगळं केलं. वायमेआची दरी पाहिली, ती खरोखर बघण्यासारखी आहे, लाल-हिरव्या मातीचे थर आणि खाली ढग. हानापेपेचा झुलता पूल पाहिला. जाता-येता मैलोगणती पडीक रान दिसायचं. कोलोआची गिरणी १९९६ मध्ये बंद पडली, कवाईवरचा शेवटचा ऊस २०१० च्या आसपास संपला, आणि माउई बेटावरची हवाईतली शेवटची गिरणी २०१६ च्या डिसेंबरात. आता तिथे कॉफी आहे, मका आहे, हॉटेलं आहेत. दोन वर्षं रानात उभा राहणारा इथला ऊस, स्वस्त साखरेपुढे टिकला नाही. नाना प्रत्येक वेळी म्हणायचे, "एवढी जमीन, एवढं पाणी." शेवटच्या दिवशी ते आपणहून समुद्रावर आले आणि पाण्यात पाय घालून तासभर बसले. म्हशीची आठवण कोणी करून दिली नाही.

लिहुए विमानतळावर त्यांच्या बॅगेत काही सापडलं नाही. नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

सप्टेंबरात नाना गावी परतले. हा लेख संपवत आणला होता तेव्हा त्यांचा फोन आला. पाऊस बरा झालाय, बॉयलर पेटला, माळावर कोप्या पडायला लागल्यात. आता प्लॅस्टिकच्या असतात, पाचटाच्या नाहीत. गाड्या कमी आणि ट्रॅक्टर जास्त. आपल्या रानाशेजारीच एक टोळी उतरलीय, बीडकडची.

मी विचारलं, "नावं विचारलीत का?"

"विचारली."

"मग?"

"अकरा कोयते आहेत. वहीत लिहून ठेवलीत, बायांची पण. पाठ होत नाहीत आता या वयात." थोडा वेळ थांबून म्हणाले, "दोन पोरी आहेत शाळेच्या वयाच्या. हेडमास्तरांशी बोललोय. बघू, मुकादम काय म्हणतो." आणि मग ते को ८६०३२ च्या खोडव्याबद्दल बोलायला लागले, यंदा हुमणीने किती नुकसान केलं त्याबद्दल, आणि फोन बराच वेळ चालला.